दीपान्विता आजही नाही

खुकू : ...नाही, मी नीट ऐकलं. मोठ्या बाई स्वतः म्हणाल्या. फोनवरची शाळा सुरू झाल्यापासून तुमची मुलगी एकदाही वर्गात आलेली नाही.

भुतो : कुणाची मुलगी?

खुकू : आपली, भुतो. आपल्याला एकच आहे.

भुतो : मग त्यांचा फोन चुकून लागलाय. आपली रोज जाते. फ्रॉक, दोन रिबिनी, पाण्याची बाटली, आणि गळ्यात ओळखपत्र नाही म्हणून माझा टेस्टर. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जायला दप्तर लागतं तिला. मी सोडायला निघालो की म्हणते, बाबा, आतपर्यंत येऊ नकोस, सगळे बघतात.

खुकू : सगळे कोण?

भुतो : मगर.

खुकू : ती अजून बैठकीतच?

भुतो : कुठे नेऊ? या वर्षी जगद्धात्री पूजेला मंडप नाहीत, मिरवणूक नाही, तिकडच्या क्लबानं ऑर्डर रद्द केली. अख्ख्या चंदननगरात दिवेवाले घरात बसलेत आणि प्रत्येकाच्या घरात काही ना काही अडकलंय. पलीकडच्या गल्लीत एकाच्या मोरीत आयफेल टॉवर आहे. आपली तर नुसती दिव्यांची मगर. आता दारातून बाहेरही जात नाही. आणली तेव्हा तिला शेपूट नव्हतं.

खुकू : तोंड मिटायला लागली का?

भुतो : उघडतं, मिटत नाही. मिटायचं सर्किट बसवायची वेळ आली आणि देश बंद झाला.

खुकू : भुतो, मला परत वॉर्डात जायला तो सूट चढवायचाय. एकदा चढवला की सुटीपर्यंत पाणीसुद्धा नाही. नीट ऐक. उद्याच्या हजेरीला आपल्या मुलीचा आवाज आला नाही तर तिचं नाव काढणार. जागेसाठी दुसरी मुलं थांबलीत.

भुतो : पण ती हजेरी देते! मी आत खिचडी बघत असतो, माझ्या कानावर येतं. हजर मिस, हजर मिस, हजर मिस. सारखी म्हणत असते.

खुकू : हजेरीला एकदाच म्हणायचं असतं.

भुतो : मला वाटलं, उत्साही आहे.

खुकू : रोज खिचडी?

भुतो : परवा तांदूळ आणि डाळ वेगवेगळे शिजवले होते.

खुकू : तिला बोलव. फोन स्पीकरवर टाक. मी आहे हे सांगू नकोस, नाहीतर ती मलाच प्रश्न विचारत बसेल.

भुतो : टुनी! ए टुनी! जरा इकडे ये.

टुनी : बाबा, हळू बोल. तास चाललाय.

भुतो : शाळा सुटली ना मघाशी?

टुनी : माझी सुटली. मगरीला वजाबाकी येत नाही, तिला थांबवून घेतलंय.

भुतो : एक विचारू? सकाळी मिस हजेरी घेते, तेव्हा तू काय करतेस?

टुनी : वाट बघते.

भुतो : कसली?

टुनी : माझं नाव यायची.

खुकू : आणि येत नाही?

टुनी : मा! तू फोनमध्ये आहेस? जेवलीस?

खुकू : जेवले, सोना. नाव येत नाही तुझं?

टुनी : काय जेवलीस?

खुकू : डाळभात. टुनी, नाव.

टुनी : अजून नाही आलं. मिसकडे खूप मुलं आहेत ना. अनिर्बाणचं येतं, तिस्ताचं येतं, सौहार्द्य म्हणून एक आहे त्याचंपण येतं, त्याच्या घरी कोंबडा आहे. सगळे संपले की मिस म्हणते, आता पुस्तक उघडा. माझं राहतं.

भुतो : मग तू सगळ्यांच्या नावाला हजर हजर का म्हणतेस?

टुनी : सराव करते. माझं आलं आणि मला पटकन म्हणता आलं नाही तर?

खुकू : मिसला सांगायचं ना गं, माझं नाव राहिलं म्हणून!

टुनी : रोज सांगते. मिस, मी टुनी, मी आलेय. कवितापण म्हणून दाखवते. उभी राहून. मिसला ऐकूच येत नाही. मी रागावले नाही. नवीन आहे ती.

खुकू : भुतो. माइक?

भुतो : बंद असतो.

खुकू : का?

भुतो : मिसनंच सांगितलंय, मुलांचे माइक बंद ठेवा. पहिल्या दिवशी आपला कुकर वर्गात बोलला होता.

खुकू : अरे, हजेरीपुरता चालू करायचा असतो!

भुतो : ते कुणी सांगितलं नाही. मी वायरीतला माणूस आहे, खुकू. बंद ठेव म्हटलं की मी बंद ठेवतो. म्हणून तर अजून जिवंत आहे.

टुनी : दीपान्विताला मात्र मिस दोन-दोनदा हाक मारते.

खुकू : कुणाला?

टुनी : दीपान्विता कुंडू. ती येतच नाही कधी. मिस म्हणते, दीपान्विता? मग थांबते. मग परत म्हणते, दीपान्विता कुंडू? मग म्हणते, आजही नाही. मा, ती तुझ्या हॉस्पिटलात आहे का?

भुतो : खुकू.

खुकू : ऐकलं.

भुतो : तू तिला सांगितलं नव्हतंस?

खुकू : मी? नाव तुझ्या वडिलांनी निवडलं. मला वाटलं, तू सांगितलं असशील.

भुतो : मला वाटलं, ज्याचं नाव त्याला माहीत असतं.

खुकू : मुखेभाताच्या, उष्टावणाच्या दिवशी पुरोहितांनी कानात सांगितलं होतं की.

भुतो : तेव्हा तिला दात नव्हते आणि तोंडात पायेसाची खीर होती. त्यातलं कितीसं लक्षात राहणार? आणि खरं सांगू, हे सांगायचं असतं तरी कुणाला ठाऊक होतं! हाकेचं नाव घरात, चांगलं नाव शाळेत. शाळेत गेलं की आपोआप कळतं. मला कसं कळलं? गुरुजी ओरडले, शरदिंदू, हात पुढे कर! मी मागे वळून बघितलं, कोण बिचारा मार खातोय म्हणून.

खुकू : आणि मी पहिले दोन दिवस मल्लिका नावाच्या मुलीवर जळत होते. बाई सारख्या तिचंच नाव घेत होत्या.

भुतो : हेच. ती शाळेत गेली असती तर दुपारपर्यंत निकाल लागला असता. पण बैठकीच्या खोलीत कोण सांगणार?

टुनी : तुम्ही कुजबुजताय. ती मेली का?

खुकू : नाही गं! कोण म्हणालं तुला असं?

टुनी : पिंटूची आई. गच्चीवरून. म्हणाली, हॉस्पिटलात जाऊन कुणी परत येत नाही, आणि आलं तर घेऊन येतं. मग पिंटूला आत ओढलं आणि गच्चीला कडी लावली. मा, तू काय घेऊन येणार आहेस?

खुकू : काही नाही. तुला काय हवं?

टुनी : जलभरा संदेश, तो आत गोड पाणी असलेला. आणि दीपान्विताची खबर.

भुतो : टुनी, तू त्या दीपान्विताशी बोलतेस की काय?

टुनी : मग कुणाशी बोलू? पिंटूला कडी लावलीय. मगर काहीच बोलत नाही, नुसती आ करते. तिचं आसन मी माझ्या बाजूलाच घातलंय, आली की शोधायला नको. टिफिनला तू दोन आरारूट बिस्किटं देतोस ना, एक माझं, एक तिचं. तिचं मगरीच्या तोंडात ठेवते.

भुतो : अच्छा! म्हणून मुंग्या. मी शेपटीपासून शोधत आलोय. मला वाटलं, वायरलाच काहीतरी गोड लागलं.

टुनी : तोंड मिटत नाही म्हणून ठेवते. मिटणारं असतं तर ठेवलं नसतं. एवढं कळतं मला.

खुकू : टुनी, जा बरं, बिस्किटं उरलीत का बघून ये.

टुनी : मुंग्यांना नाव सांगून उठवावं लागतं. वेळ लागेल.

खुकू : लागू दे. ...गेली?

भुतो : गेली.

खुकू : स्पीकर बंद कर. अजून एक आहे.

भुतो : बंद केला. बोल.

खुकू : रविवारी घरी यायला नाही जमत.

भुतो : बरं.

खुकू : खोलीतल्या दोघी तापानं पडल्या. त्यांच्याही कामाच्या पाळ्या आमच्यावर आल्या. मग पुन्हा ते वेगळं राहणं. कधी सुटेन, माहीत नाही. आणि तुझं नुसतं बरं?

भुतो : मी तिला रविवारसाठी दार सजवायचं कबूल केलंय. उरलेल्या सगळ्या माळा काढल्यात. निळ्या वर, पिवळ्या खाली, मधे ‘मा’ पेटायचं आणि विझायचं. आता विझायचं काढून टाकतो. नुसतं पेटलेलं ठेवतो.

खुकू : तिला सांगशील?

भुतो : तू सांग.

खुकू : मी सांगायला लागते आणि ती विचारते, जेवलीस? मग मला काही सांगता येत नाही. तू सांग.

भुतो : सांगतो. पण आज नको. आज एकीचंच सांगू या. दोघी एकदम गेल्या तर पोर म्हणेल, हे घर आहे की सर्कस.

खुकू : भुतो, इथे मला कुणी खुकू म्हणत नाही. सगळ्या सारख्याच दिसतो, म्हणून सूटवर स्केचपेननं नाव लिहितात. मल्लिका. आरशासमोरून जाताना मला वाटतं, ही मल्लिका कोण बाई, फार दमलेली दिसते.

भुतो : खुकू.

खुकू : काय?

भुतो : काही नाही. हाक मारली.

खुकू : अजून एकदा मार.

भुतो : खुकू.

खुकू : हं. जाते आता.

टुनी : बाबा, एक बिस्कीट पूर्ण आहे, बाकी पीठ. मा कुठे गेली?

भुतो : कामावर. टुनी, बस इथे. एक गंमत सांगतो.

टुनी : गंमत सांगताना तू उभा असतोस. बसून कधीच सांगत नाहीस.

भुतो : आज बसून आहे. ती दीपान्विता आहे ना, ती म्हणजे तूच.

टुनी : नाही. मी टुनी.

भुतो : टुनी हाकेचं नाव. ते मी ठेवलं. जन्मलीस तेव्हा माळेतल्या टुनी बल्बाएवढी होतीस आणि सारखी पेटत-विझत होतीस. दीपान्विता तुझं चांगलं नाव.

टुनी : टुनी वाईट आहे?

भुतो : वाईट कसं? घरातलं आहे. चपला नसतात का, घरातल्या वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या?

टुनी : मी कुठे बाहेर जाते?

भुतो : तीच तर भानगड झाली.

टुनी : आणि दीपान्विता रोज गैरहजर असते. मी रोज हजर असते. दोघी एक कशा?

भुतो : हे मलाही नीट मांडता येत नाही. पण होतं असं. माझी एक काकी कितीतरी वर्षं कागदोपत्री मेलेली होती आणि रोज संध्याकाळी येऊन चहा प्यायची. साखर जास्त घ्यायची.

टुनी : तुझं चांगलं नाव आहे?

भुतो : आहे की. शरदिंदू.

टुनी : तो कुठे असतो?

भुतो : बँकेत असतो. मतदानाला येतो. आमच्या लग्नपत्रिकेत होता. एरवी फारसा निघत नाही.

टुनी : एकटाच असतो?

भुतो : पत्रिकेत शेजारी मल्लिका होती. ते तुझ्या माचं चांगलं नाव.

टुनी : म्हणजे दीपान्विता अशी कुणी नाहीच.

भुतो : आहे ना. तू आहेस.

टुनी : मग मी रोज कुणाशी बोलत होते?

भुतो : टुनी, इकडे ये.

टुनी : नको. मी तिला सगळं सांगितलंय. मा रविवारी येणार, ते पण. ती म्हणाली, मला पण ने दिवे बघायला.

भुतो : बरं, थांब. तू म्हणतेस तेच खरं. दीपान्विता वेगळी आहे, आजारी आहे. पण मिस उद्या तिचं नाव काढणार आहे. मग ती बरी होऊन आली तर बसेल कुठे?

टुनी : आसन घातलंय मी.

भुतो : आसन आपण घालू गं, पण मिसनं नको का बसू द्यायला? म्हणून उद्या मी माइक चालू करणार. मिसनं दीपान्विता म्हटलं की तिच्या जागी तू हजर म्हणायचं. कॉलेजात सगळे करायचे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक असेच पदवीधर झालेत.

टुनी : हे खोटं आहे.

भुतो : मैत्रिणीसाठी आहे.

टुनी : मिस रागावली तर?

भुतो : रागावली तर दीपान्विताला रागावेल. तुला कशी रागावेल? तिला तुझं नावच माहीत नाही.

टुनी : मग कुकर लावू नकोस.

भुतो : उद्या भात पातेल्यात.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवरची शाळा सुटल्यावर.)

भुतो : ऐकलं मी, ऐकलं! दाराशीच उभा होतो. भात लागला खाली, लागू दे. शेवटी काय म्हणाली मिस? तेवढं ऐकू आलं नाही, टाळ्या पडल्या.

टुनी : म्हणाली, दीपान्विता, आलीस! किती दिवस तुझी वाट बघतेय. मी म्हटलं, मीपण.

भुतो : शाबास.

टुनी : मग सगळ्यांनी माइक चालू केले. सौहार्द्यचा कोंबडापण ओरडला. मिस म्हणाली, आता बरी आहेस ना? मी म्हटलं, हो.

भुतो : मग तोंड असं का?

टुनी : मी हो म्हटलं ना. म्हणजे ती बरी झाली. आली पण. आता तिची वाट कशी बघायची?

भुतो : नाही बघायची. सुटलीस.

टुनी : हो. ते आसन उचलून ठेव.

भुतो : राहू दे की. मी बसतो.

टुनी : तुझं नाव नाही हजेरीत.

भुतो : मग घाल. घरचीच शाळा आहे.

टुनी : चांगलं नाव लागतं. शरदिंदू कुंडू?

भुतो : हजर, मिस.

टुनी : उभं राहून.

भुतो : हजर, मि... आई गं, शेपूट! हजर.

टुनी : मगरीचं चांगलं नाव काय?

भुतो : तिचं कुणी ठेवलंच नाही. बिलावर मकरवाहिनी लिहिलं होतं.

टुनी : मकरवाहिनी कुंडू? हजर. तोंड उघडं असलं की हजर धरायचं. आता मा-ला फोन लाव.

भुतो : ती कामात असेल.

टुनी : लाव. माइक चालू ठेव.

खुकू : हॅलो? भुतो? काय झालं? म्हणाली का? नाव राहिलं ना?

टुनी : मा, मधे बोलायचं नाही. हजेरी चालू आहे. मल्लिका कुंडू?

खुकू : अगं... हजर. हजर, मिस.

टुनी : आवाज तुटतोय. परत. मल्लिका कुंडू?

खुकू : हजर, सोना. जेवले आहे. डाळभात. ऐक ना, मला तुला एक सांगायचं होतं... हो हो, आले, आले, त्या पेशंटना पालथं करू नका एकटीनं, मी येते! भुतो, तू...

भुतो : हॅलो? खुकू?

टुनी : मल्लिका कुंडू?

भुतो : गेली, टुनी. बोलावलं तिला.

टुनी : दोनदा विचारायचं असतं. मल्लिका कुंडू?

भुतो : टुनी.

टुनी : आज नाही.

भुतो : टुनी, ते रविवारचं...

टुनी : येणार नाहीये ना?

भुतो : कुणी सांगितलं तुला?

टुनी : कुणीच नाही. तिनं तुला सांगितलं, तू सांग. तू तिला सांगितलंस, तू सांग. माझ्या नावाचं केलं होतं तुम्ही, तसंच.

भुतो : दार तरी सजवू. दिवे आहेतच.

टुनी : सजव. बाबा, माचं बिस्कीट मगरीच्या तोंडात नको आता. मुंग्या खातात.

भुतो : मग कुठे ठेवायचं?

टुनी : डब्यात. आणि डबा पाण्याच्या ताटलीत, मा संदेश ठेवायची तसा. पाणी आटलं की आपण परत घालू.